अर्धी मात्रा उशीर

कुरूमला गाडी थांबली, तायडे सरांनी सहज खिडकीबाहेर पाहिलं, आणि स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर काही लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे होतं. काळं काळं काहीतरी एका आडव्या दांडीला टांगलेलं होतं. एक विळा, एक आकडा, एक दोरीचा वेढा, पडवीत अवजारं टांगून ठेवावीत तसं. पण त्यातून आवाज येत नव्हता. गंमत अशी, की हे कुरूम आहे हे सरांना पक्कं ठाऊक होतं. अकोला ते बडनेरा, तिथून ऑटोने अमरावती, संध्याकाळी सगळं उलट, असं अपडाऊन करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि कुरूम त्यांना त्या कडुनिंबावरून, भज्यांच्या वासावरून, इथेच नेमका जागा होणाऱ्या समोरच्या प्रवाशावरून कळायचं. रोजची पाटी कोणी वाचत नसतंच. त्यामुळे आपल्याला वाचता येत नाही हे कळायलासुद्धा त्यांना जरा वेळ लागला. त्यांनी आधी चष्म्यावर संशय घेतला, चष्मा पुसला. मग रात्रीतून सरकारने लिपी बदलली असेल असंही मनात येऊन गेलं. शिक्षण खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला ते अगदीच अशक्य वाटत नाही. शेवटी खिशातलं पेन काढून त्यांनी तळहातावर स्वतःचं नाव लिहिलं. हात झोकात चालला, ‘संघपाल’ असं लिहून थांबला. सरांनी तळहाताकडे पाहिलं. विळा, आकडा, वेढा. तोवर गाडी सुटली होती, आणि माणूस काही कळेनासं झालं की जे करतो ते सरांनी केलं: मूठ मिटली आणि बाहेरच्या तुरीकडे बघत बसले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाला धरून दाखवला. मागच्या अंगाला, डावीकडे, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी अडकून गेलं होतं. बोलणं शाबूत, लिहिणं शाबूत, बुद्धी होती तेवढी शाबूत. वाचण्याचा रस्ता तेवढा बंद. “असं होतं?” सरांनी विचारलं. “क्वचित होतं. तुम्ही काय करता?” सरांच्या वतीने त्यांच्या पत्नी भावनाबाई म्हणाल्या, “पोरायले वाचन कसं शिकवायचं, हे होनाऱ्या मास्तरायले शिकवतात.” डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. त्यांना हसू आलं होतं, आणि भल्या माणसाला नको तेव्हा हसू आल्यावर तो जसा खोकतो तसे ते खोकले. मग म्हणाले, मेंदू चिवट असतो, मोठा रस्ता बंद पडला की कधी कधी त्याला शेतातली पांदण सापडते. कधी? ते सांगता येत नाही. कोणती? तेही नाही. भावनाबाई जिल्ह्याच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, त्यांनी आयुष्यभर डॉक्टरांचं ऐकून सोडून दिलं होतं. घरी आल्यावर त्यांनी गोळ्यांच्या डब्या रंगांवरून लावून दिल्या आणि सकाळच्या चहाबरोबर पेपर मोठ्याने वाचायला घेतला. त्या निधनवार्ता वगळतात हे सरांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. आपल्या माघारी गावात कोण कोण मरून राहिलं आहे, या विचाराने त्यांना चहा गोड लागेना. “कॉलेजात सांगून टाका,” त्या म्हणाल्या. सरांनी मानेनेच नाही म्हटलं. “काहून? चोरी केली का कोनाची?” सरांना वाटलं, चोरी केली असती तर सांगता तरी आली असती. चोर पकडला गेला तर लोक शिव्या देतात. वाचनाचा मास्तर वाचता येत नाही म्हणून पकडला गेला तर लोक हसतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. मधे दिवाळीची सुट्टी आली, त्यामुळे आजार सोयीचा झाला. ‘चक्कर’ एवढंच कॉलेजला कळवून तायडे सर सुट्टीनंतर पुन्हा गाडीत बसले. भावनाबाई फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, “उजव्या बाजूनं गाडी आली तं मान वळवून पाहा. तिकडलं तुमाले कमी दिसते.” सर हो म्हणाले, पण जाताना त्यांनी जी मान वळवली ती फाटकाकडे.

अमरावतीच्या त्या अध्यापक विद्यालयात तायडे सरांचं एक व्याख्यान नावाजलेलं होतं. दर वर्षी नव्या तुकडीला ते पहिल्याच आठवड्यात द्यायचे. फळ्यावर स्वतः शोधून काढलेल्या खुणांचा एक परिच्छेद काढायचा आणि कोणाही एकाला उठवायचं: “वाच.” पोरगं उभं राहून घामाघूम व्हायचं, वर्ग हसायचा, मग सर म्हणायचे, “पहिलीचं लेकरू रोज असंच उभं असतं. लक्षात ठेवा.” त्यानंतर यायचा व्याख्यानाचा रंगलेला भाग. शहरातल्या शाळेत, सर सांगायचे, न वाचता येणारं मूल सापडतच नाही, कारण ते हुशार असतं. पन्नास लेकरांत ते लपतं. त्याच्या लपायच्या तऱ्हांना सरांनी नावं दिली होती. चित्राकडे बघून मजकूर सांगणं, याला ‘दर्शन’. शेजाऱ्याच्या ओठांवरून उचलणं, हा ‘शेजारधर्म’. नेमक्या वेळी पोट दुखणं, तहान लागणं, पेन्सिल तुटणं, हे ‘दैवयोग’. आणि सगळ्यांत अवघड, सगळ्यांत सुंदर, ‘भजनी’: सगळा वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा हे मूल अर्धी मात्रा उशिरा सुरात मिसळतं. तोंड उघडं, नजर फळ्यावर, आवाज खणखणीत. फक्त अर्धी मात्रा उशीर. “ज्याच्या कानाला ती अर्धी मात्रा ऐकू आली,” सर बोट उचलून म्हणायचे, “तो वाचन शिकवू शकतो. बाकीच्यांनी गणित घ्यावं.” हशा व्हायचा. गणिताचे सर यावरून बरीच वर्षं त्यांच्याशी नीट बोलत नव्हते.

आता तायडे सर स्वतःच्या व्याख्यानातून एकेक तऱ्हा काढून वापरत होते, आणि त्या किती चांगल्या चालतात हे पाहून त्यांना नवल वाटत होतं. शिक्षकांच्या बैठकीत परिपत्रक फिरलं की ते कपाळाला आठ्या घालून योग्य तेवढा वेळ बघायचे, मान हलवायचे आणि पुढे सरकवायचे. बाकीचेही तेच करत असल्यामुळे कोणाला फरक कळला नाही. पाठाचं टाचण घेऊन विद्यार्थी आला की म्हणायचे, “तूच वाच. स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचलं की चूक सापडते.” हे इतकं बरं निघालं की प्राचार्यांनी त्याचं कौतुक करून सगळ्यांना तसं करायला सांगितलं. शेरा मात्र ते स्वतःच्या हाताने लिहीत. हात चालायचा, अक्षर पूर्वीसारखंच वळणदार यायचं, आणि आपण काय लिहिलं हे त्यांना वाचता येत नसे. मास्तरांच्या शेऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट तशी नवीन नाही; सरांकडे फक्त डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं. पण दुपारी वर्ग सुटल्यावर ते रिकाम्या खोलीत बसत, समोरच्या कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी बघत, तेव्हा विनोद करायला कोणी नसायचं. आयुष्यभराची ओळखीची माणसं एका रांगेत उभी आहेत, सगळ्यांचे चेहरे दिसताहेत, आणि एकही ओळख देत नाही. कधी एखादं जाड निळं पुस्तक काढून ते नाकाशी न्यायचे. वास तोच होता. मग ते जागेवर ठेवायचे. उलटं ठेवलं की सुलटं, हे त्यांना कळायचं नाही.

त्या मंगळवारी अफिफाचा सराव पाठ होता. भाजीबाजारामागच्या महापालिकेच्या शाळेत, दुसरीचा वर्ग. अफिफा अकोल्याच्या अकोटफैलातली, घरात उर्दू-हिंदी, मराठी शाळेत शिकलेली. तुकडीतली सगळ्यांत कमी बोलणारी आणि सगळ्यांत जास्त ऐकणारी. निरीक्षकाची खुर्ची एका पायाने अधू होती, म्हणून सर शेवटच्या बाकावर बसले, एका लहानशा मुलीच्या शेजारी. मुलीच्या हातांना संत्र्याचा वास होता. अफिफाने फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या आणि छडीचं टोक खाली धरलं. आता सामूहिक वाचन. इथे तायडे सरांना त्यांचाच जुना नियम आडवा आला: निरीक्षकाने मागे बसून मुलांबरोबर मोठ्याने वाचायचं, म्हणजे मुलांना तो पोलीस वाटत नाही. हा नियम त्यांनी कॉलेजात भांडून आणला होता. त्यांनी तोंड उघडलं. वर्ग म्हणाला, “नळ आला. घागर आणा.” सर म्हणाले, “...ळ आला. ...गर आणा.” खणखणीत म्हणाले. त्या आवाजाला अगदी लागून, त्यांच्या कोपरापाशी, दुसरा एक आवाज तेवढ्याच उशिरा आला. दुसऱ्यांदा वाचताना पुन्हा तसंच. दोन आवाज, एकाच अंतराने मागे, जत्रेत चुकलेल्या दोघांनी एकमेकांचा हात धरून गर्दीमागे चालावं तसे. सरांनी खाली पाहिलं. मुलगी वर पाहत होती. तिच्या डोळ्यांत पकडलं गेल्याची भीती नव्हती. पकडल्याचा आनंद होता.

“तुमाले बी येत नाही?” तिने कुजबुजत विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न इतक्या सरळ कोणी विचारला नव्हता. सरांजवळ उत्तरं पुष्कळ होती. चष्मा होता, उजेड होता, वय होतं. “नाही,” ते म्हणाले.

“मंग त्या साजिदकडं पाहा. थो पुढं बसला थो. त्याले येते. थो पयले म्हनते, आपन मांगून म्हनायचं.” आपली सगळी इस्टेट त्यांच्या हवाली करून ती पुन्हा फळ्याकडे वळली. मग आठवल्यासारखं करून म्हणाली, “मायं नाव मैना हाये.”

“माझं संघपाल,” सर म्हणाले. आणि मैनाकडूनच शिकल्यासारखे फळ्याकडे वळले.

यानंतर अफिफाने जे केलं ते टाचणात नव्हतं. निदान तिने सरांना मोठ्याने वाचून दाखवलं त्यात तर नव्हतं. तिने मुलांना जोड्यांनी पुढे-मागे बसवलं. ती वर्गाच्या मागे उभी राहून चिठ्ठी दाखवील ते अक्षर मागच्याने मान वळवून बघायचं आणि पुढच्याच्या पाठीवर बोटाने काढायचं, पुढच्याने न पाहता ओळखायचं. मैनाला जोडीदार उरला नाही. “सर, तुम्ही मैनाच्या पुढे बसाल का?” अफिफाने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तायडे सरांचा गिरवण्यावर राग होता. धूळपाटीवर अक्षर गिरवून पिढ्यान्‌पिढ्या हाताने शहाण्या झाल्या आणि अर्थाला मुकल्या, असं त्यांचं लेखी मत होतं; आधी अर्थ, मग शब्द, मग अक्षर, बोटाचं काम सर्वांत शेवटी. या मुद्द्यावर त्यांनी भल्याभल्यांचे गुण कापले होते. त्याच्याही आधी, स्वतः डी.एड.ला असताना, एसटीच्या स्टँडवर ते वडिलांना म्हणाले होते, “बाबा, लोक पाहून राहिले. बोटानं नसतं वाचत, डोळ्यानं वाचतात.” वडील, पुंजाजी, गिरणीतले कामगार, पन्नाशीनंतर विहारातल्या प्रौढवर्गात वाचायला शिकले होते, आणि गाडीची पाटी वाचताना त्यांचं उजवं बोट धोतरावर, मांडीवर, एकेक अक्षर काढत चालायचं. त्यांना राग आला नव्हता. “डोये तं गिरनीनं खाल्ले, बाप्पा,” ते म्हणाले होते, “बोट तेवढं मायं हाये.” आणि मोर्शीची गाडी नीट वाचून, नीट चढून, खिडकीत बसून हसले होते.

सर बाकावर वळून बसले. मागे मैनाचा श्वास ऐकू येत होता. अफिफाने चिठ्ठी वर धरली. सरांची तिकडे पाठ होती, आणि तोंड असतं तरी काय फरक पडणार होता. मग शर्टावरून, मणक्याच्या जरा डावीकडे, एक लहान बोट टेकलं. बोटाने एक गाठ मारली. गाठीतून एक आडवी रेघ निघाली, सावकाश, वाटेत शर्टाच्या सुरकुतीला अडखळत. मग वरून खाली एक काठी. मग दोन्ही खांद्यांच्या मधून एक लांब रेघ, झाकण ठेवल्यासारखी. सरांनी काही ओळखलं नाही. ओळखायला वेळच मिळाला नाही, त्यांचं तोंड आधी म्हणालं, “न.” ते दचकले. कितीतरी दिवस ज्या घराची कडी ते पुढच्या दारी वाजवत होते, तिथे कोणीतरी मागच्या दाराने सहज आत येऊन बसलं होतं, भाजीची पिशवी खाली ठेवून.

“काय म्हनलं?” मैनाने विचारलं. कारण तिला चिठ्ठी दिसत होती, दिसलं तसं तिने काढलं होतं. पण ते काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

“न,” सर म्हणाले. “नळाचा न.”

“न,” मैना म्हणाली. अफिफाने दुसरी चिठ्ठी धरली. या वेळी पाठीवर दोन वाटोळी आली, एकमेकांना चिकटलेली, नाकावरच्या चष्म्यासारखी. मैना मन लावून काढत होती; तिची जीभ बाहेर आली असणार हे सरांना न पाहता कळलं. “ळ,” ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना अनोळखी वाटला. “नळाचा ळ.” दोघांपैकी एकाला दिसत होतं, एकाला नाव ठाऊक होतं, आणि दोघांच्या मधे एका सुती शर्टाचं अंतर होतं. मैनाचं बोट पाठीवर तसंच टेकलेलं राहिलं. “न,” ती स्वतःशी म्हणाली. “ळ.” पुन्हा म्हणाली. मग ते बोट एकदम उचललं गेलं आणि सरांच्या कानाशी अशी किंकाळी फुटली की साजिदसुद्धा मागे वळला.

“नळ! ओ मॅडम, नळ हाये थो! नळ आला!”

चार दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीतली लेकरं ती. अर्धा वर्ग सवयीने उठून दाराकडे निघाला. एकाने दप्तर रिकामं करून भांडं म्हणून उचललं होतं. अफिफाने सगळ्यांना परत बसवलं, पण हसू आवरता आवरता तिचा ओढणीतला खडू खाली पडला, आणि पाठाची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तायडे सर अजून पाठमोरेच बसले होते. कोणी बघत नाही अशा बेताने त्यांनी चष्मा पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

पाठावरची चर्चा व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी झाली. अफिफा हात बांधून उभी राहिली. “सर, गिरवणं तुम्हाला चालत नाही. मला माहीत होतं. तरी घेतलं. मार्क कापा.”

“का घेतलं?”

“मैना भजनी आहे, सर. गेल्या पाठापासून ऐकून राहिले. डोळ्यानं तिला जमतच नव्हतं. म्हटलं, दुसरीकडून देऊन बघू.” ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “आणि सर... तुमचं लेक्चर आमच्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. अर्धी मात्रा. आज मागून दोन आवाज आले.”

टाकीचा नळ ठिबकत होता. आत मुलं खिचडीच्या ताटल्या वाजवत होती. तायडे सरांना वाटलं, आता ही ‘अरेरे’ म्हणेल. मग आपण बसमध्ये जागा देतात तसल्या माणसांत जमा. पण अफिफा ‘अरेरे’ म्हणाली नाही. तिने ‘का’ विचारलं नाही, ‘कधीपासून’ विचारलं नाही, डॉक्टर काय म्हणाले हेही नाही. सरांनीच कित्येक तुकड्यांना घोकून घेतलेला प्रश्न तिने विचारला. न वाचणाऱ्या मुलाजवळ बसून, त्याच्या उंचीवर येऊन तो विचारायचा, म्हणून ती टाकीच्या कट्ट्यावर बसली, आणि उभ्या असलेल्या सरांना तिने हलक्या आवाजात विचारलं, “कुठं अडतं, सर?”

आणि मग सर सांगत सुटले. अक्षर दिसतं, पण बोलत नाही. चेहरा दिसतो, नाव येत नाही. लिहिता येतं, पण लिहिलेलं लगेच परकं होतं. कपाट, निळं पुस्तक, निधनवार्ता. ते कधी कट्ट्यावर बसले त्यांनाही कळलं नाही. अफिफा मधे बोलली नाही. मधूनच “हां” म्हणत होती, आणि तो ‘हां’ नेमक्या जागी पडत होता. सगळं सांगून झाल्यावर सरांना एकदम भूक लागली.

“लिखते वक्त तो हात को मालूम रहता है ना, सर?” ती विचारात हिंदीवर गेली, परत आली. “मग वाचतानाही हातालाच विचारा. बोटानं काढत जा. मांडीवर. कोणाला दिसत पण नाही.”

“दिसतं,” सर म्हणाले. “माझे वडील करायचे. मला लांबून दिसायचं.” मग म्हणाले, “उद्या प्राचार्यांना सांगतो. आणि पुढच्या वर्षी नव्या तुकडीपुढे त्या व्याख्यानाला फळ्यावर खुणा नकोत. नमुना म्हणून मीच उभा राहीन. हसतील.”

“हसू द्या, सर. तुम्ही उभे केलेल्यांना आम्ही पण हसलो होतो.”

हा टोला अगदी योग्य जागी बसला. सरांनी तिच्या पाठावर शेरा लिहिला, हात झरझर चालला, सही झाली. अफिफाने वाचला आणि तिचे कान लाल झाले. “काय लिहिलं मी?” त्यांनी विचारलं. तिने तो सांगितला नाही, त्यांच्यापुढे सरकवला, आणि वर्गात मुलांशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, “घाई नाही.” फाटकाशी मैना उभी होती, तोंडात भाताचा घास. “तुमी उद्या बी यासान का?” तिने विचारलं. “त्या साजिदले सांगतलं मी, आता तुयाकडं पाहनार नाही म्हून.”

संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हा उन्हं तिरपी होऊन डब्यात आली होती. समोर धामणगावाकडून येणारी एक म्हातारी बाई बोचकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि प्रत्येक थांब्याला दचकत होती. टाकळी गेलं. मग गाडी पुन्हा हळू झाली. कडुनिंब आला, भज्यांचा वास आला, कोपऱ्यातला प्रवासी नेमका जागा झाला. खिडकीत पिवळी पाटी येऊन थांबली, तिच्यावर दांडीला टांगलेली ती अवजारं.

“बाबू, कोनतं ठेसन हाय हे?” म्हातारीने विचारलं.

तायडे सरांनी पाटीकडे पाहिलं. मग उजवं बोट मांडीवर टेकवलं, पँटच्या कापडावर, सगळ्या डब्यादेखत.

“थांबा, मावशी,” ते म्हणाले. “वाचून सांगतो.”